आईच्या सीटवरून निवडलेली ई-क्लास

आमच्या आईला गाडी लागते. एसटीत लागायची, मामाच्या ॲम्बॅसिडरमध्ये लागायची, आणि गेली सात वर्षं आमच्याकडे असलेल्या उंच एसयूव्हीत तर फारच. कोल्हापूरहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा असतो म्हणून कसंबसं निभावायचं, पण येताना घाट चढावा लागायचा. तिथं ती हातातलं लिंबू हुंगत, डोळे मिटून बसायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मग उंच गाडीत चढणं हेही एक संकट झालं. एक हात माझ्या खांद्यावर, एक हात दाराच्या वरच्या हँडलला, आणि तोंडाने 'थांब गं, थांब.' वय अठ्ठ्याहत्तर.

माझा उद्यमनगरात फाउंड्रीसाठी पॅटर्न बनवण्याचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाइकं चाकणला, त्यामुळे महिन्यातून दोनदा पुणं ठरलेलं. आईचे डॉक्टर पुण्यात, धाकटी बहीण कोथरूडला, म्हणून बहुतेक वेळा आई बरोबर असते. गाडी बदलायची ठरली तेव्हा मी एकच गोष्ट पक्की केली: टेस्ट ड्राइव्ह मी पुढून घेणार नाही, आई मागून घेणार. जी गाडी तिला मानवेल ती घ्यायची. बजेट ऑन-रोड ६० लाख, आणि ते गाठलंच पाहिजे असा हट्ट नव्हता.

सेडान म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. आता सेडान कोण घेतं, रस्ते बघ, ब्रेकर बघ. पण उंच गाडी वळणावर कलते आणि मागे बसलेल्याचं डोकं तिच्याबरोबर डावी-उजवीकडे झुलत राहतं, हे मी सात वर्षं आरशात बघितलं होतं. बुटक्या गाडीचं वजन जमिनीजवळ असतं, ती कमी कलते. ज्यांच्या घरी गाडी लागणारं माणूस आहे त्यांनी हे एकदा स्वतः मागे बसून पाहावं. फक्त शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून नाही, घाटात. आम्ही दर वेळी आंबा घाटापर्यंत जायचा आग्रह धरला. एका शोरूमने तेवढं लांब द्यायला नकार दिला, तिथं आम्ही पुन्हा गेलो नाही.

नव्या गाड्यांत सगळ्यात जवळ आली ती टोयोटा कॅमरी. डिसेंबर २०२४ मध्ये नवं मॉडेल आलं तेव्हा एक्स-शोरूम ४८ लाख होती. २.५ लिटर पेट्रोल आणि त्याला हायब्रिड मोटर, मिळून २३० हॉर्सपॉवर. गावात तर ती बॅटरीवर अशी सरकते की आईनं विचारलं, 'चालू केलीस का?' मागची सीट बटणावर मागे कलते, आणि हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. ही गाडी मी मनातून घेतलीच होती. नडलं ते दार. कॅमरीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,८२५ मिलिमीटर. पाय ठेवायला जागा भरपूर आहे, पण खुबा बदललेल्या माणसाला आधी सीटवर बसून मग दोन्ही पाय एकत्र आत वळवावे लागतात. तेव्हा आईचा गुडघा दरवाजाच्या खांबाला लागायचा. तीनदा बसली, तीनदा लागला.

बीएमडब्ल्यूची लांब व्हीलबेसची ५ सीरिज आम्ही फक्त बसून पाहिली. ३,१०५ मिलिमीटर, म्हणजे जागेचा प्रश्नच नाही. पण जुलै २०२४ मध्ये ती ७२.९ लाख एक्स-शोरूमला आली, आणि मर्सिडीजची नवी ई-क्लास त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ७८.५ लाखांपासून. त्यावर आपल्या राज्यात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स. कर भरायला माझी ना नाही, पण हा पैसा गाडी विकताना परत येत नाही. जुन्या गाडीचा विचार इथून सुरू झाला. महाराष्ट्रातच नोंदलेली गाडी महाराष्ट्रातच विकत घेतली तर पहिल्या मालकाने भरलेला टॅक्स गाडीबरोबर आपल्याकडे येतो, तो पुन्हा भरावा लागत नाही.

आता जुन्या गाडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माणसं फसतात ती इथंच.

पहिली गाडी पाहिली ती एका डीलरकडे. जर्मन बनावटीची, पांढरीशुभ्र, २०१८ ची, किंमत बाजारभावापेक्षा सहा लाखांनी कमी. आत बसलं की अत्तरासारखा वास. आमच्या मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या दारातून आत वाकले, सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी कधी बाहेर न येणारा शेवटचा वीतभर पट्टा. त्यावर आडवी तपकिरी रेघ होती, चहाच्या कपात राहते तशी. मग त्यांनी ड्रायव्हरची सीट पुढे सारली आणि मोबाईलचा दिवा रुळांवर धरला. रुळांच्या बोल्टवर गंज, आणि सीटखालच्या वायरिंगच्या सॉकेटवर हिरवी बुरशी चढल्यासारखा थर. डिकीतलं कार्पेट उचललं तर कोपऱ्यात बारीक, वाळलेला गाळ. बोटावर घेऊन त्यांनी मला दाखवला. 'ताई, ही पाण्यात बसल्याली हाय. नदीच्या पाण्यात.'

आम्हा कोल्हापूरकरांना तो गाळ ओळखू येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा शिरोलीजवळ हायवेवर आली होती. माझ्या कारखान्यातल्या दोघांच्या घरात तो गाळ मी स्वतः खराट्यानं काढलाय. पुराच्या गाड्या विमा कंपन्या भंगारात काढतात, मग त्या कुठेतरी धुऊन-पुसून पुन्हा उभ्या राहतात. आजच्या गाडीत प्रत्येक दारात, सीटखाली, गिअरबॉक्सजवळ इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. पाणी एकदा शिरलं की ते आज नाही तर दीड वर्षाने मरतं. डीलरला विचारलं तर तो म्हणाला, आम्हालाही माहीत नव्हतं. असेल. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला कुणालाच दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

दुसरी गाडी दिल्ली पासिंगची होती. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथून गाड्या स्वस्तात इकडे येतात, त्या चांगल्याही असू शकतात. पण एनओसी, इकडे पुन्हा नोंदणी, इकडचा टॅक्स, आणि त्यात जाणारे महिने हे सगळं किमतीत मिळवलं तर स्वस्ताई विरघळते. मी कागद पाहूनच सोडली.

तिसरी ही. मार्च २०२० ची लांब व्हीलबेसची मर्सिडीज ई-क्लास, ई २२०डी, पुण्यातल्या एका डॉक्टरांची, एमएच १२, ४३,००० किलोमीटर. ही गाडी बनलीही चाकणलाच, मर्सिडीजच्या कारखान्यात, माझ्या गिऱ्हाइकांपासून दहा-पंधरा मिनिटांवर. २०१७ मध्ये मर्सिडीजने भारतात लांब व्हीलबेसची ई-क्लास आणली तेव्हा ३,०७९ मिलिमीटर हा आकडा बातम्यांत आला होता. साध्या ई-क्लासपेक्षा १४० मिलिमीटर जास्त, आणि ती सगळी वाढ मागे. त्यामुळे मागचं दार लांब आहे. आई सीटच्या कडेला बसली, दोन्ही पाय उचलून आत वळवले, आणि गुडघा कुठेच लागला नाही. काही बोलली नाही. पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, 'चल.'

आम्ही डॉक्टरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर मिस्त्रींनी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं. थंड इंजिन चालू होताना जो आवाज आणि धूर येतो तो गरम इंजिन लपवतं. मग स्कॅनर लावला. किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, गाडीतल्या इतर मॉड्यूलमध्येही नोंदलेला असतो, आणि सर्व्हिसच्या बिलांवरही. सगळीकडे मेळ बसला. ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं कातडंही चाळीसेक हजारांचंच वाटत होतं. डाव्या मागच्या दाराला रंग पुन्हा मारलेला निघाला. रंगाची जाडी मोजणारं यंत्र तिथं दुप्पट आकडा दाखवत होतं. डॉक्टरांनी लपवलं नाही, सोसायटीच्या खांबाला घासली म्हणाले, आणि त्याचं बिलही काढून दिलं. अशा माणसाकडून गाडी घ्यावी.

मुद्दाम ई २२०डी घेतली, वरची ई ३५०डी नाही. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन फार गोड चालतं, पण तिच्यात एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे, आणि वॉरंटी संपलेल्या गाडीत ते फुगे आणि कॉम्प्रेसर बदलायची वेळ मला स्वतःवर आणायची नव्हती. २२०डीचं दोन लिटर डिझेल १९४ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटर देतं, गिअरबॉक्स नऊ गिअरचा. चार माणसं घेऊन घाट चढायला याहून जास्त लागत नाही.

किंमत ठरली ३९ लाख. डॉक्टर ४३ वर अडून होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर, जो सेस धरून ५० टक्क्यांच्या जवळ जात होता, तो ४० टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो, एवढं साधं गणित मी मांडलं आणि त्यांनी ते मानलं. पहिल्या मालकाने ऑन-रोड ७५ लाखांच्या आसपास दिले होते. साडेपाच वर्षांत ३६ लाखांचा तो फरक त्यांनी सोसला, मी नाही. पण एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते: उरलेले पैसे दुसरीकडे खर्च करू नका. मी तीन लाख वेगळ्या खात्यात टाकलेत. गाडी ३९ लाखांची झाली तरी तिचे पार्ट ७५ लाखांच्या गाडीचेच राहतात. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. माझ्या जुन्या पॉलिसीवरचा मी आठवणीनं इकडे वळवून घेतला.

सहा महिने झाले, ९,००० किलोमीटर. हायवेला लिटरला १७, गावात ११. मागची सीट ३७ अंशांपर्यंत कलते. आई ती अर्धीच कलवते, पूर्ण आडवी झाली तर रस्ता दिसत नाही आणि रस्ता दिसला नाही की मळमळतं. पहिल्या फेरीत खंबाटकी चढताना मी आरशात बघत होते. ती बाहेर बघत होती. घाटमाथा गेला, खाली वाईकडचं रान दिसायला लागलं, आणि तिने डबा उघडून मला विचारलं, लाडू खाणार का. लिंबू पर्समध्येच होतं.

काय आवडत नाही तेही लिहिते. स्टेपनी डिकीतच वर मांडलेली आहे, तिने निम्मी जागा खाल्ली आहे. आईचा वॉकर आणि दोन बॅगा ठेवल्या की संपलं. लांब पोटामुळे मोठ्या ब्रेकरवर गाडी तिरकी काढावी लागते, आणि पाच माणसं असली तर मी सरळ दोघांना उतरवते. ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव, भरत राहावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे बीएस-६ डिझेल आहे, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमांतलं. धुराच्या नळीतल्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जळायला सलग वेगाने चालणं लागतं. ज्यांची गाडी दिवसभरात राजारामपुरी ते शाहूपुरी एवढीच फिरणार आहे त्यांनी ही अजिबात घेऊ नये, त्यांनी कॅमरीच घ्यावी. मला महिन्यातून दोनदा २३० किलोमीटरचा हायवे सलग मिळतो म्हणून फिल्टर स्वच्छ आहे.

आता टायर. गाडी घेताना ते छान दिसत होते, नक्षी खोल होती, म्हणून मी दुर्लक्ष केलं. परवा हवा भरताना खाली वाकून टायरच्या कडेचा चार आकडी नंबर वाचला. ४८१९. म्हणजे २०१९ चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. चारही तसेच, स्टेपनीसुद्धा. सहा वर्षांचं रबर कितीही चांगलं दिसलं तरी पावसात हायवेवर त्याच्या भरवशावर आईला बसवणार नाही. त्या तीन लाखांतले पहिले पैसे टायरला जातायत. शनिवारची वेळ घेतली आहे.