मूल्यशिक्षणाची चित्रकार्डं: चित्रं मस्त, उत्तरं बाद

म्हापशातल्या एका दुकानातून घेतली, तिसरी-चौथीच्या पोरांना चित्र दाखवायचं आणि कोण चुकलं ते विचारायचं. वाचताना अडखळणारी पोरंपण धडाधड बोलायला लागतात, हे भारी. पण मागे उत्तर एकच छापलंय! बसमध्ये मुलगा बसलाय, आजी उभी, उत्तर काय तर 'मुलगा वाईट'. एक पोरगी म्हणाली, बाई, त्याचा पाय दुखत असेल तर? आता हिला शून्य देऊ? पियाजे या बालमानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्येच पोरांना विचारलेलं, चुकून १५ कप फोडणारा जास्त वाईट की चोरून खाऊ काढताना १ फोडणारा, लहान पोरं नुकसान मोजतात, मोठी हेतू बघतात, म्हणजे 'का' विचारल्याशिवाय काय कळणार? लॅमिनेशनपण नाही, जूनमध्येच कार्डं पापडासारखी वाकली. मागे कागद चिकटवून वापरतेय.