‘सुट्टी साठव’ म्हणणाऱ्या कंपनीपासून जपून

आमच्या कंपनीत सुट्टी मागायला गेलं की ‘नाही’ असं कुणी म्हणतच नसे. सुपरवायझर खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "आत्ता लोड हाय, पुढच्या महिन्यात बघू." टाइम ऑफिसवाला म्हणायचा, "साठव रे. सोडताना एकरकमी पैसे मिळतील, लग्नाला कामाला येतील." एचआरचे साहेब तर चहा मागवायचे. इतक्या गोड माणसांनी मिळून माझी आणि माझ्याबरोबरच्या पोरांची कित्येक वर्षांची पगारी रजा गिळली आणि कागदावर साधा ओरखडा उठू दिला नाही. लातूर, धाराशिव, बीड, परभणीकडची पोरं आयटीआय करून दरवर्षी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या बुटाचं माप विचारतात, रजेचं कुणी काही सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

कंपनी वाळूजची, दुचाकीचे सुटे भाग बनवणारी. मी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर. राहायला रांजणगाव शेणपुंजीत, एका खोलीत चौघं. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव कळून उपयोगही नाही, कारण हीच पद्धत मी नंतर दुसऱ्या नावांनी चालताना बघितली आहे.

चलाखी कळायला आधी कायदा लागतो. माझ्या वेळी १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. त्याच्या कलम ७९ प्रमाणे एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांना एक दिवस पगारी रजा. म्हणजे ३०० दिवस काम केलेल्याला १५ दिवस. वापरली नाही तर ती पुढच्या वर्षात जाते, पण ३० दिवसांपर्यंतच. वरची बुडते. आता खरी मेख. कामगाराने १५ दिवस आधी लेखी अर्ज केला आणि कंपनीने रजा नाकारली, तर त्या नाकारलेल्या रजेला ३० ची मर्यादा लागत नाही. ती कितीही साठते.

आता ‘साठव’ या शब्दाकडे बघा. अर्जच नसला तर नकारही नसतो, आणि नकार नसला की तिसाच्या वरची रजा आपोआप बुडते. साहेबांना हे पाठ होतं. अर्जाचा कागद पुढे केला की ते हात जोडायचे, "अरे, आपल्यात कागद कशाला?" तो मोठेपणा नव्हता, हिशेब होता.

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी असायची ती येळवशीच्या सुट्टीला. शहरातल्या साहेबांना हा सण कळत नाही. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे घरात माणूस राहत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, त्यात पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. ज्याला रान नाही तोही दुसऱ्याच्या रानात जेवायला जातो. लातूर शहरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखे रस्ते असतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. पण ती सुट्टी तिकडची, वाळूजच्या कंपनीला तिचं काय? आई फोनवर विचारायची, "यायलास का न्हाई रे?" मी म्हणायचो, बघतो. बीड-अंबाजोगाईवरून रात्रभर एसटीने जायचं, एक दिवस रानात घालवायचा आणि परत यायचं, म्हणजे दोन-तीन दिवसांची रजा. ती हक्काची होती, शिल्लक होती. दरवर्षी उत्तर तेच, "डिसेंबर एंड हाय, लोड हाय." तरी गेलो तर खाडा. खाडा म्हणजे नुसता त्या दिवसांचा पगार नाही. महिन्याचा हजेरी बोनसही गेला. पगारी रजा घेतली तरी हा बोनस कापायचे, हे अजून एक. त्यामुळे मंजूर झालेली रजासुद्धा पोरं घेत नव्हती. आपल्याच हक्काच्या दिवसाला आपणच भ्यायचं, अशी ती रचना.

आणि ज्या डिसेंबरात रजा मिळत नव्हती, त्याच डिसेंबरात रजा ‘दिल्याचं’ रजिस्टर भरलं जायचं. पगाराच्या आदल्या दिवशी टाइम ऑफिसमध्ये लांबलचक वही उघडून ठेवलेली असायची. "ऑडिट हाय, सह्या करा." नावापुढचे रकाने कोरे, नाहीतर पेन्सिलीने भरलेले. सही न करणाऱ्याचा पगार त्या महिन्यात हमखास ‘सर्व्हर डाऊन’मुळे अडकायचा. मोठ्या कंपनीकडून ऑर्डर आली नाही की आम्हाला दोन-चार दिवस घरी बसवायचे. ते दिवसही गुपचूप त्याच वहीत आमच्या पीएलमध्ये, म्हणजे पगारी रजेत घातले जायचे. काम नाही म्हणून मालकाने बसवलं आणि खर्च आमच्या खात्यावर! नियमाने प्रत्येक कामगाराला रजेचं स्वतंत्र पुस्तक मिळायला हवं, त्यात जमा आणि खर्च दिसायला हवा. असं पुस्तक असतं हेच मला नोकरी सोडल्यावर कळलं.

दुसरी चाल नाव बदलण्याची. मी कंपनीचा माणूस समजत होतो स्वतःला. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. पण सुरुवातीची वर्षं मी कागदोपत्री कंत्राटदाराचा होतो, आणि तोही दर अकरा महिन्यांनी बदलायचा. नवं ओळखपत्र यायचं, वरचं नाव वेगळं, फोटो तोच. हे सगळं पीएफच्या पासबुकात उघडं पडतं. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच राहतो, पण मालक बदलला की मेंबर आयडी नवा. पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडली की कुठल्या तारखेला कुणाच्या नावावर घातलं आणि कधी काढलं हे ओळीने दिसतं. प्रत्येक वेळी आमचे दिवस शून्यापासून मोजायला लागायचे. "तुझे २४० भरले कुठं?" असं मला तोंडावर विचारलं गेलं, सलग काम करत असताना.

ते विचारणंच खोटं होतं. कलम ७९ मध्येच लिहिलंय की माणसाने नोकरी सोडली किंवा त्याला काढलं, तर २४० दिवस भरले नसले तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात, २० दिवसांना एक या दराने, रजेचे पैसे द्यायचे. तेही दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत. म्हणजे ‘ब्रेक’ दिल्याने, एका नावावरून काढून दुसऱ्या नावावर घातल्याने, रजा बुडत नाही, उलट लगेच देणं लागतं. माझ्या माहितीतल्या एकाही पोराला ब्रेकच्या वेळी असे पैसे मिळाले नव्हते.

२०२३ मध्ये मी नोकरी सोडली. राजीनामा दिला तेव्हा टाइम ऑफिसवाल्याला म्हणलं, साठलेल्या सुट्ट्यांचं काढा. तो हसला. "कसल्या सुट्ट्या? हे बघ, सगळ्या घेतल्यास." वही फिरवून दाखवली. माझ्याच सह्या, दरवर्षीच्या. पेन्सिलीवर आता शाई आली होती. एचआरच्या साहेबांनी चहा मागवला नाही. ‘फुल अँड फायनल’चं व्हाउचर पुढे सरकवलं. त्यावर छापलेलं, ‘सर्व हिशेब पूर्ण मिळाला, कंपनीकडून काही येणे नाही.’ सही केली तरच चेक.

इथं माझे दाजी कामाला आले. ते चिकलठाण्याला युनियन असलेल्या कारखान्यात उमर घालवलेले. त्यांनी फोनवर सांगितलं, "चेक सोडू नको. सहीच्या वर लिही, रजेचे पैसे येणे बाकी, हरकतीसह स्वीकारले. आन् त्याचा फोटो काढ." साहेब चिडले, म्हणाले, व्हाउचर खराब केलंस. पण तोवर शाई वाळली होती. माझ्यासोबत सोडलेल्या ज्या दोघांनी छापील मजकुराखाली नुसती सही केली, त्यांना पुढे तोच कागद दाखवून गप्प बसवलं.

मग पुरावे. दाजी म्हणाले, वहीशी भांडू नको, वहीला तिच्याच आकड्यात पकड. आम्ही सगळ्या पगाराच्या स्लिपा जमिनीवर मांडल्या. एका फेब्रुवारीत हजर दिवस, साप्ताहिक सुट्ट्या आणि वहीत दाखवलेली रजा यांची बेरीज एकतीस निघाली! कंपनीने फेब्रुवारीत तीन दिवस वाढवले होते. दुसऱ्या एका महिन्यात ज्या तारखेला मी वहीत रजेवर होतो, त्याच तारखेचा मला ओव्हरटाइम दिलेला. आणखी एका ‘रजे’च्या दिवशी इन्स्पेक्शन शीटवर माझी सही होती, नशीब, त्या पार्टमध्ये दोष निघाला म्हणून शीटचा फोटो ग्रुपवर फिरला होता. सुपरवायझरचे ‘उद्याची सुट्टी कॅन्सल, सगळ्यांनी यायचं’ हे मेसेज तर ढिगाने. मोबाइल बदलला तरी मी जुना ग्रुप सोडला नव्हता.

तक्रार कुठं करायची यात माणसं वेळ घालवतात. त्या वेळी कारखान्यातल्या पगारी रजेची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे होती. दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांची बाजू कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे. मी दोन्हीकडे अर्ज दिले, दोन्हींची पोच घेतली. पैसे वसूल करायला मात्र कामगार न्यायालय. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३ सी (२) खाली, मालकाकडून येणं असलेली रक्कम ठरवून मागता यायची. वकिलांनी नोटिशीत अजून एक मुद्दा घातला: कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची. रकमेचं गणितही त्यांनी दुरुस्त करून दिलं. कंपनी रजेचा दिवस मोजताना नुसता बेसिक धरायची. कायद्यात आधीच्या महिन्याची रोजची सरासरी कमाई धरायची होती, महागाई भत्त्यासकट. ओव्हरटाइम आणि बोनस तेवढे वगळून.

फेब्रुवारीची स्लिप नोटिशीला जोडल्यावर साहेबांचा फोन आला, पुन्हा तोच गोड आवाज. शेवटी कंपनीच्या नावावर असलेल्या वर्षांचे पैसे त्यांनी दिले. कंत्राटदारांच्या नावावरच्या वर्षांचं काही मिळालं नाही. त्यातल्या एकाचं तर ऑफिसच राहिलं नव्हतं. बजाजनगरातल्या त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. मूळ मालकावर ते लावायला अजून भांडावं लागलं असतं. मला नव्या नोकरीतून तारखांना जाणं परवडेना. अर्धं मिळालं, अर्धं बुडालं.

दुकानात, शोरूममध्ये, खाजगी दवाखान्यात काम करणाऱ्यांना हे लागू नाही असं समजू नका. त्यांच्यासाठी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा, २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांना एक अर्जित रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठते, आणि सणांच्या ८ पगारी सुट्ट्या. छोट्या आस्थापनांना तो पूर्ण लागू होत नाही, म्हणून आपल्याकडे किती माणसं आहेत ते आधी मोजा. आठातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. माझी बहीण लातुरात कापडाच्या मोठ्या दुकानात आहे. येळवशीला मालक स्वतः शटर ओढून रानात जायचा आणि पोरींचा त्या दिवसाचा पगार कापायचा. पोरींनी वर्षाच्या सुरुवातीलाच चार सणांची यादी लिहून दिली, येळवस पहिली. आता कापत नाही. हे काम कोर्टाशिवाय झालं, कारण मागणी आधी कागदावर आली.

तेव्हा ज्याची रजा आत्ता शिल्लक आहे त्याने अर्ज करावा. दोन प्रती, १५ दिवस आधी, तारखांसकट, एकीवर पोच. घेत नसले तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती घरी ठेवावी, खोलीवर नको. मंजूर झाली तर गावाला जा. नाकारली तर ते लिहून मागा. लिहून देत नसतील तर ‘अमुक तारखेला तुम्ही तोंडी नकार दिलात’ असा मेल नाहीतर मेसेज तुम्हीच पाठवा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत २४० ऐवजी १८० दिवस भरले की पगारी रजा लागू होते, आणि वर्षाच्या शेवटी कामगाराने मागितलं तर तिचे पैसे घेता येतात. चांगलंच आहे. पण माझ्या जुन्या लाइनवरचा एक जण परवा सांगत होता, तिथला ब्रेक आता अकरा महिन्यांवरून पाच महिन्यांवर आलाय, म्हणजे १८० दिवस भरायच्या आतच. त्याला मी एवढंच सांगितलं: दर महिन्याला पीएफचं पासबुक उघड, आणि ज्या दिवशी मालकाचं नाव बदललेलं दिसेल त्याच दिवशी जुन्या नावाकडे रजेच्या पैशाचा हिशेब लेखी माग.