उबंटू की मिंट? गावातल्या अभ्यासिकेसाठी

एकाच संगणकावर दिवसभर वेगवेगळी माणसं बसत असतील, तर डेस्कटॉप कसा दिसतो यापेक्षा लॉगिनचा पडदा कसा वागतो ते आधी बघा. यवतमाळकडच्या आमच्या अभ्यासिकेत मी विंडोजऐवजी चालणाऱ्या दोन लिनक्स प्रणालींचे डेस्कटॉप, म्हणजे उबंटूचा जीनोम आणि मिंटचा सिनॅमन, दोन्ही चालवले.

देखणेपणात उबंटू पुढं. टचपॅडवर बोटं फिरवून कामाचे पडदे बदलणं त्यात सफाईदार होतं. मराठी कीबोर्ड एकदा जोडला की सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. मिंटमध्येही मराठी लिहिता येतं, मला मात्र थोडी जुळवाजुळव करावी लागली. उलट खालची पट्टी आणि मेनू जुन्या विंडोजच्या वळणाचे असल्यानं सेतू केंद्रात हात बसलेली पोरं मिंटवर लवकर रुळली.

माझं घोडं अडलं नमलॉकवर, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं चालू-बंद करणाऱ्या कळीवर. हसू नका. भरतीची तयारी करणारे पोट्टे आकड्यांचाच पासवर्ड ठेवतात आणि तो कीबोर्डच्या उजव्या बाजूनं मारतात. उन्हाळ्यात लाईन येते-जाते. दर वेळी संगणक नव्यानं सुरू होतो, नमलॉक बंद, चौकट रिकामी, आणि मागून हाक: "भाऊ, पासवर्ड घेऊन नाही राह्यला!" जीनोमच्या सेटिंग्जमध्ये खटपट करून उपयोग नाही. उबंटूत लॉगिनचा पडदा दाखवतो जीडीएम नावाचा वेगळा प्रोग्राम, आणि तो स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो. तुमच्या खात्यातले बदल त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्याच्या खात्याच्या नावानं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जीसेटिंग्ज या सेटिंग बदलणाऱ्या साधनाची आज्ञा द्यावी लागते. ती देता येते, पण प्रत्येक यंत्रावर, आणि मी गावात नसलो की कोण देणार?

मिंटमध्ये हाच पडदा लाइटडीएम नावाचा प्रोग्राम दाखवतो. 'लॉगिन विंडो' नावाची खिडकी उघडायची, नमलॉकचं बटण चालू करायचं, झालं. नमलॉकएक्स हे छोटं पॅकेज तेवढं आधी टाकून घ्या. वापरणाऱ्यांची यादी लपवणं, मागचं चित्र बदलणं, सगळं तिथंच.

त्याच खिडकीत पाहुण्यांचं सत्र, म्हणजे पासवर्डाशिवाय तात्पुरतं बसायची सोय, चालू करता येतं. लॉगआउट केलं की त्या सत्रातल्या फायली पुसल्या जातात. कुणी आधार कार्डाचा स्कॅन उघडा ठेवून गेला तरी चिंता नाही. जीडीएममध्ये ही सोय नाही; उबंटूनं 2017 मध्ये 17.10 पासून लाइटडीएम सोडून जीडीएम घेतला, तेव्हा तीही गेली. लाईन गेली तर पाहुण्याचं कामही जातं, म्हणून पेन ड्राइव्ह जवळ ठेवायला सांगावं.

पासवर्डच नको म्हणून आपोआप लॉगिन लावाल, तर दोन्हीकडं क्रोम उघडताना कीरिंगचा, म्हणजे साठवलेले पासवर्ड ठेवणाऱ्या कुलूपबंद पेटीचा, पासवर्ड विचारला जाऊ शकतो. तिथं डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

स्वतःचा एकट्याचा नवा लॅपटॉप असेल तर उबंटू खुशाल घ्या, कदाचित तोच जास्त आवडेल. अभ्यासिकेत मात्र मी आता मिंटच टाकतो.