गाडी उंच करून आठ महिने झाले: खरा घोळ बुशचा निघाला

गाडी उंच केल्यापासून मागच्या शॅकलचे (स्प्रिंगच्या पाट्यांचं टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडणारी झुलती पट्टी) रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्या, तिसऱ्यांदा बदलून दोन महिने होत आले आणि मागून एकदाही कुईकुई ऐकू आली नाही, म्हणून आता लिहायला बसलो. आधी लिहिलं असतं तर नुसता संताप उतरला असता.

बुशचे पहिले दोन जोड सहा महिन्यांत गेले. कंपनीचे मूळ बुश कित्येक वर्षं टिकले होते. तिसऱ्या वेळी मी गॅरेजमध्ये गाडीजवळच उभा राहिलो, तेव्हा कारण दिसलं. गाडी जॅकवर, मागची चाकं लोंबकळत आहेत आणि मेस्त्री शॅकलचे नट पूर्ण आवळतायत. नट आवळला की रबर जखडतं, आणि पुढची सगळी हालचाल ते पीळ खाऊन सोसतं. लोंबकळत असताना आवळलं की गाडी जमिनीवर टेकतानाच त्याला पीळ बसतो, आणि प्रत्येक खड्ड्याला तो वाढतो. मी नट सैल करायला लावले, गाडी चाकांवर उभी केली, मागून दोनदा दाबून हलवली आणि मगच शेवटचं आवळायला सांगितलं. वेळ लागला दहा मिनिटं. या दहा मिनिटांसाठी माझे दोन जोड आणि दोन वेळची मजुरी वाया गेली. काम कुठेही करा, एवढं मात्र स्वतः उभं राहून करून घ्या.

आता उंचीबद्दल. मागे एक जादा पाटा घातला आणि शॅकल लांब घेतले. शॅकल 50 मिमीने लांब केला की गाडी साधारण 25 मिमीच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. दोन्ही मिळून मागे 45 मिमी उंची मिळाली. चेसिस, टाकी, सायलेन्सर वर गेले. पण डिफरेन्शियलचा गोळा (मागच्या अॅक्सलच्या मधलं गिअरचं घर) जिथे होता तिथेच राहिला! अॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, चाकांवर बसलेला, तो पाट्यांनी वर जाणार कसा? त्याला फक्त टायर उचलतो. 215/75 आर 15 मापाचे टायर काढून 235/75 आर 15 घातले, व्यास 30 मिमीने वाढला, म्हणजे गोळ्याखाली 15 मिमी. कच्च्या रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर घासणं बंद झालं ते या 15 मिमीमुळे. स्पीडोमीटर आता सुमारे चार टक्के कमी दाखवतो. काटा 60 वर असला की खरा वेग 62 च्या पुढे असतो.

पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे. बोल्ट फिरवून 40 मिमी उचलली आणि गाडी दगडासारखी आदळायला लागली. बार आवळला की कडक होतो असं सगळे सांगतात, ते चूक आहे. बारचा कडकपणा त्याच्या लांबी-जाडीवर ठरतो, बोल्टवर नाही. होतं असं की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्डा आला की चाक धरणारा आर्म त्याची हालचाल अडवणाऱ्या स्टॉपरवर ठाणकन आपटतो. उंची 20 मिमीवर आणली, चाकांचं अलाइनमेंट पुन्हा केलं, आपटणं थांबलं.

तिसऱ्या महिन्यात मी एका मित्राला ठाम सांगितलं होतं, या कामात पैसे घालू नकोस. ते आता मागे घेतो. तेव्हा मी पैसे वाचवायला जुनेच शॉकअप ठेवले होते. उंच गाडीत ते आधीच अर्धेअधिक ताणलेले असतात आणि पूर्ण उघडले की खट् वाजतात. लांब मापाचे नवे घातल्यावर गाडीचा स्वभावच बदलला. त्याच वेळी पाटे उघडून गंज खरवडला आणि टोकांना प्लॅस्टिकच्या चकत्या बसवल्या. पाटे एकमेकांवर सरकायलाच तयार नव्हते, म्हणून बारीक खड्डे थेट पाठीत बसायचे. हे काम तर उंची न वाढवताही कुणीही करावं. पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नाही, आणि तिचा राग अजून आहे. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह चेसिसवर असतो आणि त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. मागचा भाग उचलला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमी करतो. भरलेली गाडी उतारावर थांबायला जास्त अंतर घेत होती, त्याचा दोष मी महिनाभर ब्रेकच्या पॅडला देत होतो. दांडीचं माप वाढवून घेतल्यावर ब्रेक पूर्वीसारखा लागला. हेडलाइटही खाली वळवून घ्यावे लागले, समोरच्याच्या डोळ्यांत जात होते.

वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते, ते राहणारच; मी वेग कमी ठेवतो. पुढच्या टायरांची आतली कड अजूनही झिजतेय. परवा बुशच्या नटांवर खडूने खूण करून ठेवली आहे, म्हणजे ते हलले तर लगेच कळेल.