विंडोज १० सोडून मिंट : झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातले सात महिने

तहसील कचेरीसमोर आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, बिलबुकं, लग्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म असली कामं. मुख्य कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. झकास चालतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेटं बंद झाली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ते या डब्यात नाही. आणखी वर्षभर सुरक्षा-अपडेट मिळवायची सोय होती, पण वर्षानं पुन्हा तेच रडगाणं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ ही दुसरी सिस्टिम टाकली. आता सात महिने झाले, तेव्हा लिहितो.

खुद्द सिस्टिमबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, फाइलींचे फोल्डर. तिसऱ्या आठवड्यापासून ती आहे हेच विसरलो. २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. या सात महिन्यांत जे सुख-दुःख भोगलं ते सगळं प्रोग्रामांचं. सिस्टिम बदलतोय असं मी म्हणत होतो. खरा प्रश्न होता माझे प्रोग्राम कोणाकडे काय मागतात हा, आणि तो मी आधी विचारलाच नव्हता.

पहिल्याच दिवशी जुन्या सवयीनं पेनड्राइव्हवरच्या सेटअपवर डबल क्लिक केलं. काही नाही. प्रोसेसर तोच, इंटेलचा; त्याला कळणाऱ्या आज्ञा त्याच. मग अडतं कुठे? माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं ती फाइल उघडून आतले बाइट दाखवले. सुरुवातीला दोन अक्षरं, एम आणि झेड. डॉसच्या काळात मायक्रोसॉफ्टमध्ये असलेल्या मार्क झ्बिकोव्स्कींची ती आद्याक्षरं, आजही प्रत्येक एक्झी फाइलच्या तोंडाशी आहेत. लिनक्सच्या प्रोग्रामच्या तोंडाशी ईएलएफ असतं. म्हणजे दारातच ओळखपत्र वेगळं. आणि आत शिरल्यावर मागण्याची भाषाही वेगळी.

ती मागण्याची भाषा पत्रिकांच्या प्रोग्रामनं दाखवली. आमचा मराठी फॉन्टांचा एक जुना प्रोग्राम आहे, नाव घेत नाही. त्याला लॉक लागतं, म्हणजे यूएसबीत खोचायचं ते बोटाएवढं डोंगल. वाइनमधून तो चालवून पाहिला. वाइन म्हणजे दुभाषा: प्रोग्राम विंडोजच्या पद्धतीनं मागतो, वाइन तेच लिनक्सच्या पद्धतीनं मागून आणून देतो. १९९३ पासून लोक हे काम करताहेत. प्रोग्राम उघडला, कंपनीचं चित्र आलं, मला वाटलं जिंकलो. मग चौकट आली: लॉक सापडलं नाही. भाच्यानं एस-ट्रेस (strace) नावाची, प्रोग्रामच्या मागण्या टिपणारी कमांड लावली आणि काळ्या खिडकीत ओळी धावायला लागल्या.

‘मामा, बघा, हा स्वतःहून काहीच करत नाही. फाइल पाहिजे तर मागतो, मेमरी पाहिजे तर मागतो, स्क्रीनवर रेघ मारायची तरी मागतो.’

दर दोन-चार ओळींनी ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येत होतं, आणि प्रोग्राम मुकाट्यानं पुढच्या ठिकाणी तीच फाइल मागत होता. कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणारा माणूसच. लॉकचं दुखणं मात्र वेगळं निघालं. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत बसायला बनवलेला. दुभाषा दाराबाहेर उभा राहून निरोप पोचवू शकतो. आतली खुर्ची त्याला कोण देणार? मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, अख्खं विंडोज टाकून पाहिलं. त्यात लॉक दिसलं, प्रोग्रामही चालला, पण ८ जीबीत दोन सिस्टिमी आणि वर उघडा ब्राउझर म्हणजे बैलगाडीला ट्रॉली. ऐन लग्नसराईत नाद सोडला.

याच्या उलट एक गंमत. पत्त्यांच्या चिठ्ठ्या काढायचा एक १६-बिट प्रोग्राम माझ्याकडे फ्लॉपीच्या जमान्यापासून आहे. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालवणारा भागच ठेवलेला नाही, त्यामुळे विंडोज १० वर तो कधी उघडला नाही. वाइनमध्ये ३२-बिटवाला भाग टाकला आणि पठ्ठ्या उघडला, त्या राखाडी बटणांसकट! विंडोजचा प्रोग्राम विंडोजवर चालेना आणि लिनक्सवर चालला. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. कुणाला विशेष वाटलं नाही.

मराठी टायपिंगला त्रास नाही. मी इनस्क्रिप्टवाला, तिथे होता तोच कीबोर्ड इथेही आहे. लिबरऑफिसमध्ये ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ व्यवस्थित उमटतात. कारण कळलं तेव्हा बरं वाटलं: जोडाक्षरं जुळवायचं काम लिबरऑफिसनं ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, सगळ्या सिस्टिमींवर हार्फबझ या एकाच लायब्ररीकडे (लायब्ररी म्हणजे प्रोग्राम वापरतात तो तयार तुकडा) दिलंय. आधी ज्या त्या सिस्टिमच्या भरवशावर असायचं. पत्रिकांसाठी स्क्रायबस हा पानं मांडायचा प्रोग्राम धरलाय. मराठी नीट जुळणारी त्याची पक्की आवृत्ती, १.६, २०२४ मध्ये आली. त्याआधी या वाटेला गेलो असतो तर पहिल्याच आठवड्यात परत फिरलो असतो. कोरलचा हात मात्र इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रामवर अजून बसला नाही. कोरलची लिनक्ससाठी आवृत्ती नाही आणि गिऱ्हाईक सीडीआर फाइल मागतं. तेवढं काम मित्राकडे पाठवतो.

सगळ्यात जास्त चिडचिड फ्लॅटपॅकनं, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम टाकायच्या एका पद्धतीनं, केली. कशासाठी आहे ते पटतं: कर्नलनं वरचे प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सचा कर्नल सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचा जुना हट्ट आहे, पण मधल्या लायब्ऱ्या बदलतात आणि तिथे प्रोग्राम अडखळतो. माझा एक प्रोग्राम ओपनएसएसएल या लायब्ररीची जुनी आवृत्ती मागत बसला, ती या मिंटमध्ये नाहीच. फ्लॅटपॅकवाला आपली शिदोरी बरोबर घेऊन येतो, म्हणून पहिल्यांदा शेकडो एमबी उतरवतो. ठीक आहे. पण एका सकाळी फॉर्म भरायला आलेल्या मुलीचा पेनड्राइव्ह लावला, फोल्डरमध्ये फोटो दिसतोय, आणि तो फ्लॅटपॅक प्रोग्राम म्हणतो असा फोटोच नाही. मागे रांग. मी पेनड्राइव्ह तीनदा काढून घातला, तिला ‘खराब आहे गं तुझा’ म्हणूनही मोकळा झालो. पेनड्राइव्ह धडधाकट होता. त्या प्रोग्रामला घराबाहेर बघायची परवानगीच नव्हती. फ्लॅटसील हा परवानग्या बदलायचा प्रोग्राम टाकून एक बटण दाबलं की झालं, पण हे आधी माहीत पाहिजे ना!

तरी पेनड्राइव्हच्याच बाबतीत सगळ्यात मोठं सुख आहे. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरचा शॉर्टकट व्हायरस (मूळ फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा) झेरॉक्सवाल्यांना सांगायला नको. व्हायरस हाही शेवटी प्रोग्रामच, विंडोजकडे मागायला शिकलेला. इथे तो नुसती फाइल म्हणून पडून असतो. लपवलेले मूळ फोल्डरही समोर दिसतात. सात महिन्यांत एकदाही फॉरमॅट मारला नाही.

प्रिंटरचं थोडक्यात: नवा मल्टिफंक्शन वायफायवर ड्रायव्हरशिवाय चालला, जुन्या लेझरनं दोन रविवार खाल्ले.

लॉकवाला प्रोग्राम आता कोपऱ्यातल्या विंडोज ७ च्या डब्यावर आहे, नेटची वायर काढलेली. तसाही क्रोम त्यावर १०९ व्या आवृत्तीलाच थांबलाय, २०२३ पासून पुढचा मिळत नाही. सिस्टिम जागेवर होती, प्रोग्रामच तिला सोडून पुढे गेला.

जुन्या फॉन्टातल्या फाइली मिंटवर उघडल्या की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्टची फाइल कॉपी केली की वाचता येतात, दुरुस्त करणं जिकिरीचं. म्हणून जुनं काम आलं की युनिकोडमध्ये करून घेतो. त्या फॉन्टांत रफार डोळ्यांना दिसतो त्या जागी, अक्षरानंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये तो आधी लागतो. बदलताना एखादा चुकीच्या अक्षरावर बसतोच. परवा एका पत्रिकेत ‘आशीवार्द’ झालं होतं. नवरीच्या आजोबांनी चष्मा वर करून बोट ठेवलं. नशीब, प्रूफ होतं.