सर्व्हर सांभाळायला काय बरं: काळ्या पडद्यावरचा मेनू, ब्राउझरमधलं पॅनल की सरळ कमांड?

जिनिंगचा हंगाम लागला की जळगाव-धरणगाव पट्ट्यातल्या मिलमध्ये वजनकाटा, बिलं आणि मजुरांची हजेरी हे सगळं बऱ्याचदा कोपऱ्यातल्या एकाच लिनक्स सर्व्हरवर येतं. तो बघणारा माणूस पूर्णवेळ अ‍ॅडमिन नसतो. तोच टॅली बघतो, प्रिंटरचा अडकलेला कागदही तोच काढतो, आणि सर्व्हरला हात लावायची वेळ त्याच्यावर दोन-तीन महिन्यांतून एकदा येते. ही तुलना त्याच्यासाठी आहे. रोज कमांड चालवणाऱ्याचा निर्णय कधीच झालेला असतो.

आधी मेनू. एसएसएचने (लांबून सर्व्हरवर कमांड चालवायची सुरक्षित जोडणी) आत शिरायचं, ‘एनएमटीयूआय’ (nmtui, नेटवर्कच्या सेटिंगचा मेनू) टाइप करायचं, की निळसर चौकट उघडते. मुख्य पर्याय तीन: कनेक्शन बदला, कनेक्शन चालू करा, मशीनचं नाव ठेवा. माउसचं काम नाही. बाणाने वर-खाली, टॅबने पुढच्या रकान्यात, स्पेसने खूण, एस्केपने मागे. आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, बदलायचा तर मॅन्युअल निवडून पत्ता भरला की झालं. हेच ‘एनएमसीएलआय’ (nmcli) कमांडने करताना पत्त्याच्या आणि पद्धतीच्या गुणधर्मांची नावं अचूक आठवावी लागतात, आणि तीन महिन्यांनी ती कुणाला आठवत नाहीत.

फोनवरून समजावतानाही मेनू सोपा पडतो. ‘भाऊ, काय दिसी ऱ्हायनं?’ विचारायचं आणि ‘दोनदा खाली, मग एंटर’ सांगायचं. डॅश, स्लॅश आणि मधल्या मोकळ्या जागा तोंडी सांगून कमांड लिहून घेणं म्हणजे दोघांच्याही सहनशक्तीची परीक्षा.

पण याच मेनूत एक खड्डा आहे. बदल सेव्ह केला म्हणजे तो लागू झाला असं नसतं. कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. तुम्ही धुळ्यात बसून चोपड्याच्या सर्व्हरवर त्याच कनेक्शनवरून शिरला असाल, तर ‘बंद’वर एंटर मारताच तुमची स्वतःचीच लाइन तुटते. ‘चालू’ दाबायला तिथे कुणी उरत नाही. मग एसटी पकडा, नाहीतर मिलमधल्या कुणाला तरी सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडायला लावा. कमांडने तेच कनेक्शन ‘अप’ करा म्हटलं की नवी सेटिंग एका दमात लागू होते, कारण ते काम सर्व्हरवरची सेवा करते, तुमचा पडदा नाही. म्हणून लांबून नेटवर्क बदलायचं असेल तर मेनूत फक्त पत्ता भरावा आणि शेवटची चाल कमांडने खेळावी.

या एका बाबतीत ब्राउझरमधलं कॉकपिट दोघांपेक्षा शहाणं आहे. नेटवर्क बदलल्यावर सर्व्हरशी संपर्क तुटला, तर ते जुनी सेटिंग आपोआप परत आणतं. कॉकपिट ९०९० पोर्टवर (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) चालतं, वेबमिन हे तसलंच दुसरं पॅनल १०००० वर. डिस्क किती भरली, कोणती सेवा पडली, हे तिथे एका नजरेत कळतं. हे पोर्ट थेट इंटरनेटला मात्र उघडे ठेवू नयेत. ऑफिसच्या आतून वापरा, नाहीतर व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या खाजगी, बंदिस्त जोडणीतून. सातपुड्याच्या पायथ्याशी मोबाइलला एक काडी रेंज असते, तेव्हा पॅनलचं पान गोल फिरत राहतं. एसएसएचमध्ये एका बटणामागे इकडून तिकडे अगदी थोडा डेटा जातो, तिथे मेनू रेटून का होईना चालतो.

मेनूवरचा माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. काम झाल्यावर नेमकं काय केलं, हे तो सांगत नाही. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स प्रणालीवर ‘स्मिटी’ ही मेनूची सोय आहे, तिने हा प्रश्न केव्हाच सोडवला. रकान्यापुढे अधिकची खूण दिसली की एफ४ ने यादी उघडते, फुलीची खूण असलेला रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि एफ६ दाबलं की त्या फॉर्ममागची कमांड समोर येते. शिवाय चाललेल्या कमांडी ‘स्मिट डॉट स्क्रिप्ट’ या फाइलमध्ये साठत जातात. मेनू वापरता वापरता माणूस कमांड शिकतो. लिनक्सच्या मेनूंनी हे उचललं असतं तर हा लेख निम्म्यात संपला असता.

सुसे या लिनक्सचं ‘यास्ट’ हे मेनूचं साधन आता नव्याने शिकू नका. ओपनसुसे लीप १६ मधून ते काढलं आहे आणि त्याची बरीचशी जागा कॉकपिटला दिली आहे. जुन्या मशीनवर भेटलं तर एफ१० म्हणजे ठीक, एफ९ म्हणजे रद्द, एवढं पुरे.

किरकोळ वाटणारे पण वेळ खाणारे त्रास: लॅपटॉपवर एफ१० दाबलं की आवाज तरी वाढतो नाहीतर टर्मिनलचा स्वतःचा मेनू उघडतो. स्मिटीत आणि मिडनाइट कमांडर या फाइली हाताळायच्या मेनूत एस्केप दाबून मग शून्य दाबलं तरी एफ१०चं काम होतं. पुट्टीत (विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्राम) चौकटीच्या रेघांऐवजी भलतीच अक्षरं दिसली तर अक्षरसंच यूटीएफ-८ करा. आणि लाइट गेली की राउटर बसतो, राउटरसोबत तुमचं सेशनही. म्हणून अपडेटसारखं लांबणारं काम ‘टीमक्स’मध्येच (लाइन तुटली तरी सर्व्हरवर सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्राम) सुरू करा. पुन्हा जोडलात की ते जिथे होतं तिथेच सापडतं.

एकच मिल, एकच सर्व्हर आणि ऑफिस त्याच आवारात असेल, तर मी कॉकपिट बसवेन आणि अडीअडचणीला मेनू. अमळनेर, शिरपूर, रावेर अशा चार ठिकाणच्या शाखा असलेली पतसंस्था असेल तर नाही. तेच बटण चार ठिकाणी दाबताना एका ठिकाणी हमखास चुकतं. तिथे कमांडी एका फाइलमध्ये लिहून ठेवा, शेजारी तारीख टाका, आणि तीच फाइल चारही सर्व्हरवर चालवा.