वर्डमधील छायाचित्रे कागदावर उतरत नाहीत तेव्हा: मूळ फाइल दुरुस्त करावी, पीडीएफ करावे की प्रिंटर बदलून पाहावा?

सप्टेंबर हा ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा महिना असतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सभा घ्यावी लागते आणि तिची नोटीस 14 पूर्ण दिवस आधी सभासदांना द्यावी लागते. त्यामुळे अहवालाच्या छपाईसाठी प्रत्यक्षात दोन-तीन दिवसच हाती उरतात. नौपाड्यातील आमच्या संस्थेचा अहवाल मी तयार करते. गेल्या वर्षी त्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची आधीची आणि नंतरची छायाचित्रे घातली होती. घरच्या संगणकावर सारे काही जागच्या जागी होते. झेरॉक्सच्या दुकानातून प्रती हाती आल्या तेव्हा मात्र चौथ्या पानावर ‘काम सुरू होण्यापूर्वी’ आणि ‘काम पूर्ण झाल्यानंतर’ एवढ्या दोनच ओळी होत्या आणि त्यांच्यावर दोन कोऱ्या चौकटी होत्या. ज्या खर्चाला सभासदांची मंजुरी घ्यायची होती, त्याचा पुरावाच कागदावर आला नव्हता.

अशा वेळी तीन मार्ग समोर असतात: वर्डची फाइल आणि तिची सेटिंग्ज दुरुस्त करणे, फाइलचे पीडीएफ करून तेच छापणे, किंवा प्रिंटर अथवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्या प्रिंटरशी जोडणारे सॉफ्टवेअर, बदलून पाहणे. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण दोष प्रिंटरचा असावा असे वाटणे साहजिक आहे. माझ्या मते तो मार्ग सर्वांत शेवटी घ्यावा.

मार्ग निवडण्यापूर्वी एक चाचणी करावी. विंडोज 10 पासून प्रिंटरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ नावाचा पर्याय असतो. तो निवडून फक्त चित्रे असलेले पान छापायला सांगावे. तयार झालेल्या पीडीएफमध्येही चित्र नसेल, तर दोष दस्तऐवजात किंवा वर्डच्या सेटिंगमध्ये आहे आणि प्रिंटर बदलून काहीही साधणार नाही. पीडीएफमध्ये चित्र दिसत असेल आणि त्याच संगणकावरून छापताना कागदावर येत नसेल, तरच प्रिंटरकडे वळावे. या चाचणीला कागद लागत नाही, शाई लागत नाही आणि दुकानात खेपही घालावी लागत नाही.

आता पहिला मार्ग. वर्डमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘डिस्प्ले’ असे गेल्यावर खाली छपाईच्या पर्यायांत ‘प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड’ अशी चौकट असते. तिच्यातील खूण काढलेली असेल, तर आकृत्या, मजकूरचौकटी आणि पानावर मोकळी ठेवलेली, म्हणजे जिच्याभोवती मजकूर वळतो अशी चित्रे छापली जात नाहीत. त्यांच्या जागी कोरी जागा राहते. ओळीतच एखाद्या अक्षरासारखे बसवलेले चित्र मात्र छापले जाते. एकाच अहवालातील संस्थेचे बोधचिन्ह छापले जाते आणि गच्चीचा फोटो येत नाही, या कोड्याचे उत्तर बहुधा इथेच असते. त्याच ‘ऑप्शन्स’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’खाली छपाईच्या भागात ‘यूज ड्राफ्ट क्वालिटी’ हा पर्याय असतो. तो चालू असेल तर बंद करावा.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण माझी चूक तिथेच झाली. ही सेटिंग्ज दस्तऐवजात साठवली जात नाहीत, ती त्या त्या संगणकावरील वर्डची असतात. मी घरी चौकटीत खूण केली म्हणून दुकानातील संगणकावर ती होत नाही. त्यामुळे ज्याला घरच्याच प्रिंटरवर छापायचे आहे, त्याच्यासाठी एक खूण पुरेशी आहे. ज्याला फाइल दुसऱ्याच्या हाती द्यायची आहे, त्याने चित्रच असे बसवावे की त्या खुणेवर ते अवलंबून राहणार नाही. चित्रावर क्लिक करून ‘रॅप टेक्स्ट’मध्ये ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ निवडले की ते ओळीत येते. यात मांडणी विसकटते, हे खरे. दोन फोटो शेजारी शेजारी हवे असतील, तर दोन रकान्यांचे टेबल करून एकेका रकान्यात एकेक फोटो ठेवावा आणि टेबलाच्या रेषा काढून टाकाव्यात. एक काळजी घ्यावी: त्या परिच्छेदाचे ओळींमधील अंतर ‘एक्झॅक्टली’ असे बांधलेले असेल, तर ओळीतल्या चित्राची केवळ एक पट्टी दिसते. ते ‘सिंगल’ करावे.

चित्र दस्तऐवजात खरोखर आहे का, हा प्रश्न यापेक्षाही महत्त्वाचा आहे. फोटो घालताना ‘लिंक टू फाइल’ निवडले गेले असेल, किंवा एखाद्या वेबपानावरून चित्र थेट चिकटवले असेल, तर फाइलमध्ये कधीकधी चित्र नसते, केवळ त्याचा पत्ता असतो. घरच्या संगणकावर तो पत्ता सापडतो. पेन ड्राइव्हवरून दुसरीकडे गेल्यावर सापडत नाही. याची खात्री करण्याची एक साधी रीत आहे. वर्डची डॉक्स (.docx) ही फाइल मुळात झिप (.zip), म्हणजे अनेक फाइलींचे एकत्र बांधलेले गाठोडेच असते. तिची एक प्रत काढून नावाच्या शेवटी डॉक्सऐवजी झिप असे लिहावे आणि ती उघडावी. आत ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ नावाचे फोल्डर दिसते आणि त्यात प्रत्यक्ष साठवलेली चित्रे असतात. जो फोटो तिथे नाही, तो दस्तऐवजात नाही. तो घरच्या संगणकावरच ‘इन्सर्ट’मधून नव्याने घालावा.

दुसरा मार्ग पीडीएफचा. दुकानात छापणाऱ्यासाठी मी हाच सुचवते, आणि त्याचे कारण केवळ चित्रे नाहीत. आपल्याकडील कितीतरी संस्थांचे जुने मसुदे आजही श्री-लिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट दुकानातील संगणकावर नसला की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. पीडीएफमध्ये फॉन्ट सामान्यतः सोबत जातो, चित्रेही जातात आणि दुकानातील वर्डच्या सेटिंग्जचा संबंधच उरत नाही. ‘सेव्ह अॅज’मधून पीडीएफ करताना ‘मिनिमम साइझ’ न निवडता ‘स्टँडर्ड’ ठेवावे, नाहीतर फोटो धूसर येतात.

पीडीएफच्या मर्यादाही आहेत. तुटलेल्या दुव्याचे, म्हणजे ज्याचा पत्ता सापडत नाही असे चित्र पीडीएफ केल्याने परत येत नाही. त्याच्या जागी दिसणारी लाल फुलीची चौकट तशीच त्यात कायम होते. शिवाय दुकानात गेल्यावर सदनिका क्रमांक चुकल्याचे लक्षात आले, तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे फाइल अजून तीन जणांकडे फिरायची असेल, तर घाईने पीडीएफ करून ठेवण्यात अर्थ नाही. आधी मूळ फाइलच नीट करावी. मजकूर अंतिम असेल आणि एकदाच छापायचे असेल, तर पीडीएफला तोड नाही.

तिसरा मार्ग प्रिंटरचा. पीडीएफ पडद्यावर पूर्ण दिसते आणि पान मात्र अर्धवट छापले जाते किंवा चित्राची जागा कोरी राहते, अशा वेळी अॅडोबीच्या रीडरमध्ये छपाईच्या खिडकीतील ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अॅज इमेज’ निवडून पाहावे. छपाई हळू होते आणि बारीक अक्षरे किंचित खरबरीत येतात, पण चित्र बहुधा उमटते. एखाद्या प्रिंटरला पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट (पान कसे छापायचे ते प्रिंटरला सांगणाऱ्या दोन भाषा) असे दोन्ही ड्रायव्हर उपलब्ध असतील, तर एकाऐवजी दुसरा लावल्यानेही फरक पडतो. मोठ्या फोटोंचा भार जुन्या प्रिंटरच्या मेमरीला पेलत नाही: ए-फोर आकाराचे पूर्ण पान इंचाला 300 ठिपके या प्रमाणात 2480 गुणिले 3508 ठिपक्यांचे होते आणि रंगांसह, आकुंचित न करता, सुमारे 26 एमबी भरते. मोबाइलवरचा 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा फोटो अहवालात जेमतेम 9 सेंमी रुंद छापायचा असतो. वर्डच्या ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये 220 पीपीआय, म्हणजे इंचाला 220 पिक्सेल, निवडले, तर त्याला सुमारे 780 पिक्सेलची रुंदी पुरते.

वर्डऐवजी लिबरऑफिस रायटर वापरणाऱ्यांनी छपाईच्या खिडकीतील रायटरच्या भागात चित्रे छापण्याचा पर्याय चालू आहे का, ते पाहावे. तिथे प्रत्येक चित्राच्या गुणधर्मांतही ‘प्रिंट’ची वेगळी चौकट असते, त्यामुळे दहांपैकी एकच फोटो गायब असेल तर आधी तीच तपासावी.

यंदा मी फोटो टेबलात, ओळीत बसवले, ‘मीडिया’ फोल्डर उघडून ते मोजले आणि शेवटच्या दुरुस्तीनंतर पीडीएफ केले. दुकानात आधी एकच प्रत काढायला सांगितली, तिचे चौथे पान काउंटरवरच उघडून पाहिले आणि मग उरलेल्या प्रती काढायला सांगितल्या.